पिशवीत घातलेले दूध

वडिलांनी मला वृत्ते शिकवली, गण शिकवले, चंद्राची आणि कमळाची सगळी नावे पाठ करून घेतली. कंबरेखालच्या अवयवांपैकी मात्र एकाचेही नाव मला कोणी शिकवले नाही. बाळंतपणाच्या कळांत माझी लघवी अडली, तेव्हा कळ कोठे आहे हे सांगायला माझ्याजवळ शब्दच नव्हता. सुईण पोटाला तेल चोळीत होती. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, देवघरातून खोलीत आणि खोलीतून देवघरात येरझारा घालीत होत्या. पोटाच्या खालच्या अंगाला काहीतरी ताणून चकाकणाऱ्या ढोलकीसारखे झाले होते, आणि मी म्हणत होते, "इथे जड वाटते."

म्हणून आरंभीच तो शब्द मी सरळ लिहून टाकते : लघवी. ज्या बायका हे वाचतील त्यांनीही तो एकदा मोठ्याने म्हणून पाहावा. जीभ झडत नाही. आणि वेळेवर म्हटला तर पुष्कळ काही वाचते.

ओसरीवरची खाट

ते गुऱ्हाळांचे दिवस होते. पंचगंगेकडून येणारा वारा काकवीच्या वासाने जड झाला होता, आणि दर कळेबरोबर तो गोडवा माझ्या घशात उलटून येत होता. यजमान राधानगरीला, महाराजांनी हाती घेतलेल्या धरणाच्या कामावर मोजणीदार; त्यांना निरोप पोहोचायलाच वेळ लागणार. दुसऱ्या दिवशी दुपार कलली तेव्हा सुईणीने हात धुतले आणि आत्याबाईंना म्हणाली, "माझ्या हातचं न्हाई आता. बायकांच्या दवाखान्यात न्या. उगं बसू नगा."

टांग्यातून उतरवून मला आत नेत असताना ओसरीच्या टोकाला, भिंतीपासूनही जरा दूर, एक खाट दिसली. खाटेखाली राख पसरलेली होती. त्या बाजूने वारा आला आणि उन्हात तापलेल्या गोठ्याचा वास आला. खाटेवरची बाई उठून बसली. माझ्याच वयाची असावी.

"भिऊ नगा वैनी," ती म्हणाली, "हितं मरत न्हाई कोन. मीबी मेले न्हाई. मेले असते तर बरं झालं असतं, ती गोष्ट येगळी."

आत्याबाई तिच्यावर खेकसल्या, "गप गं! काय बोलतीयास बाळंतिनीला?"

ती बाळाबाई, शाहूवाडीकडच्या डोंगरातली. तिचे मूल असेच अडले होते. मूल गेले, आणि त्या दिवसापासून तिची लघवी थांबेनाशी झाली. रात्रंदिवस झिरपत राहिली. नवऱ्याने तिला माहेरी धाडले ते वाक्य तिने मला पुढे हसत हसत सांगितले : "म्हनला, भात लावायला शेतात चिखल हाय तेवढा बास. घरात आनि नगं."

डॉक्टरीणबाईंनी मला तपासले. त्यांचे हात थंड होते आणि त्यांना कार्बोलिकचा उग्र, स्वच्छ वास होता.

"बाळाचं डोकं हाडात अडकलं आहे," त्या म्हणाल्या. "पोट उघडून काढावं लागेल."

"वाचंल?" आत्याबाईंनी विचारले. एक की दोन, हे त्यांनी विचारले नाही.

"दोघं वाचावीत म्हणूनच करते आहे."

मग त्या माझ्या कानाशी वाकल्या. "आणखी एक ऐका. तुम्हांला कळलं पाहिजे. बाळाच्या डोक्याखाली तुमची लघवीची पिशवी चेंगरून राहिली आहे. ती कोठे विरली असेल, फाटली असेल, तर ते बाहेरून दिसत नाही. पोट उघडलं की मी शोधीन. सापडलं तर तिथल्या तिथे शिवीन."

"आणि सापडलं नाही तर?"

त्यांची नजर क्षणभर दाराबाहेर गेली, ओसरीच्या टोकाकडे. मला मरणाचे भय तोवर वाटत होते. त्या क्षणापासून ते मागे पडले आणि त्याच्या जागी दुसरे येऊन बसले : मी जगेन, आणि माझी खाट राखेवर असेल.

जाताना त्या आत्याबाईंना म्हणाल्या, "घरी दुभतं आहे?"

"दोन म्हशी हाईत की."

"दवाखान्यातलं दूध संपलं आहे. ताजं दूध चांगलं उकळून, गाळून, झाकून आणा. लवकर."

"पाजायचं व्हय हिला?"

"नाही. मला कामाला हवं आहे."

डॉक्टरांच्या कामाला दूध कशासाठी लागते, हे आत्याबाईंना कळले नाही. मलाही नाही. त्या मात्र त्याच टांग्याने घरी गेल्या.

जभान

दिवेलागणीला मला मेजावर घेतले. नाकावर धरलेल्या फडक्यातून क्लोरोफॉर्मचा वास उतरला : पिकून फुटलेल्या फणसासारखा गोड, आणि मागून थंडगार. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आकडे म्हणा." आकड्यांवर माझा कधीच विश्वास नव्हता. मी गण म्हणू लागले. यमाता, मातारा, ताराज, राजभा… 'जभान'पाशी जीभ जड झाली. पुढचा गण आठवतो आहे तोच खोली दूर गेली, आणि दूर कोठेतरी पितळेच्या भांड्यावर झाकण आपटल्याचा आवाज झाला. तेवढेच मी नेले.

परत आले ती तहान घेऊन. ओठ सालपटासारखे. पोटावरून जणू नांगर गेला होता. कुशीपाशी काहीतरी ऊबदार, ओलसर, भाताच्या पेजेसारख्या वासाचे हलत होते.

"पोरगी हाय," आत्याबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात निराशा आहे का, ते मी कान देऊन ऐकले. नव्हती. नुसता थकवा होता.

माझ्या अंगातून एक रबरी नळी निघून खाटेखालच्या बाटलीत गेली होती. थेंब पडे. थांबे. पुन्हा पडे. पिशवी फाटली होती का? सापडले का? शिवले का? डॉक्टरीणबाई घरी गेल्या होत्या आणि आत्याबाईंना विचारायला तो शब्द माझ्या जिभेवर येईना. थेंबांच्या त्या अडखळत्या लयीत मी झोपले.

"खून! खून!"

सकाळी आया रसूलबी चादर बदलायला आली. मला हलक्या हाताने कुशीवर करून तिने खालची चादर ओढली, आणि तिचा हात थांबला. चादरीवर ताटाएवढा डाग होता. पिवळा.

दाराशी बाळाबाई येऊन उभी होती. आत यायची तिला मनाई होती, मनाई नसती तरी ती आली नसती. तिने डाग पाहिला. या बाबतीत तिच्याइतकी जाणती त्या दवाखान्यात दुसरी नव्हती.

"उतरलं," ती हळूच म्हणाली. "माझंबी पैल्या दिशी आसंच उतरलं हुतं."

आत्याबाई खाली बसल्या. मी छताकडे पाहिले. चुन्याचा पोपडा, त्याच्या कडेला कोळ्याचे जाळे, जाळ्यात एक वाळकी माशी. त्या माशीचे सहाही पाय मला आजही दिसतात. मनुष्य कोसळतो तेव्हा त्याच्या डोळ्यांना काय काय नेमके दिसते! मुलगी रडू लागली. तिला जवळ घ्यावे की आतापासूनच दूर ठेवायला शिकावे, एवढाच विचार माझ्या मनात आला.

रसूलबी चादर घेऊन मागच्या हौदाकडे गेली. थोड्याच वेळात तिकडून किंकाळी आली, "अगे मायगे! खून! खून!"

तिच्या घरच्या बोलीत खून म्हणजे रक्त. पण कोल्हापूरच्या पहारेकऱ्याला खुनाचा एकच अर्थ ठाऊक. तो लाठी घेऊन धावला. त्याच्यामागे दवाखान्याचा आचारी, त्याच्यामागे कोणाकोणाचे भेटायला आलेले पाहुणे. "कुनाचा खून? कुठं पडलाय?" असा गलका झाला. आत्याबाई उठून धावल्या. मी खाटेला खिळलेली, नुसती ऐकत राहिले.

आणि मग त्या गलक्यातून आत्याबाईंचा आवाज वर आला. आधी रागाने, मग हसण्याने फुटणारा.

"अगं ए बाई! रगत कुठलं? सोडा टाकलास व्हय धुवायला? हळद हाय ती! सोडा लागला की हळदीचं कुंकू हुतंय! तुझ्या म्हायेरात हळद न्हवती व्हय कधी?"

मग पहारेकरी म्हणाला, "मंजी खून न्हाईच?" आणि हसे पिकले.

लघवीच्या डागाला सोड्याने लाली चढत नाही. ती हळदीलाच चढते. म्हणजे तो डाग माझा नव्हता. पण माझ्या अंगाखाली हळद आली कोठून?

डॉक्टरीणबाई सांगतात

डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी ती लालभडक ओली चादर पाहिली आणि आत्याबाईंना म्हणाल्या, "या. आता सूनबाईंना तुम्हीच सांगा, दुधात काय घातलं होतंत ते."

आत्याबाई पदर सावरीत म्हणाल्या, "तिन्हीसांजंला दूध उघडं भाईर जाऊ दिऊ ने. म्हशीला दिष्ट लागती. चिमूटभर हळद टाकल्याली. चिमूटभरच हाय, काल बी सांगितलं की मी."

"सांगितलंत. दाराबाहेरून ओरडून."

मग डॉक्टरीणबाई खाटेशी बसल्या आणि त्यांनी मला सगळे सांगितले. त्यांचे शब्द मी शक्य तितके तसेच देते, कारण ज्या बाईवर ही वेळ येईल तिला ते ठाऊक असावेत.

"बाळ काढलं, आणि जखमेत पाणी दिसलं. ते बाळाभोवतीचं की तुमच्या पिशवीतलं? पाणी आपलं गाव सांगत नाही. म्हणून दूध हवं होतं. नळीतून पिशवीत दूध सोडायचं आणि पोटाकडून पाहत राहायचं. कोठे भोक असेल तर तिथून दूध बाहेर येतं, आणि रक्तातही ते दिसतं. तुमच्या सासूबाईंच्या भांड्याचं झाकण काढलं तर दूध पिवळं! दुसरं आणायला वेळ नव्हता. पुन्हा उकळलं, गाळलं, निववलं आणि आत सोडलं."

"मग?"

"मग काही नाही. मी पुसत होते, पाहत होते. वाटलं, सुटलो. आणि एका कोपऱ्यात मोहरीएवढा पिवळा ठिपका आला. पुसला. पुन्हा आला." त्या माझ्याकडे वाकल्या. "तुम्हांला नवल वाटेल, पण मला इतका आनंद झाला! न दिसणारं भोक म्हणजे ती बाहेरची खाट. दिसलेलं भोक म्हणजे सुई-दोरा. मी शिवलं. मग पुन्हा दूध भरलं. सगळ्यांना म्हटलं, कोणी बोलू नका. आम्ही पाहत उभ्या राहिलो. काहीच आलं नाही."

चादरीवर सांडले ते हेच दूध. काम संपल्यावर नळीवाटे परत काढताना निसटलेले. मेजावरून मला उचलले तेव्हा अंगाखालची चादर तशीच आली होती.

आत्याबाई इतका वेळ डोळे बारीक करून ऐकत होत्या. "मंजी पिशवी शिवली म्हनून राती ऐकलं ते खरंच," त्या म्हणाल्या. "मग आता हिला पुन्यांदा लेकरू न्हाई व्हायचं."

आमच्याकडे गर्भाशयालाही पिशवीच म्हणतात. रात्रभर त्या थकलेल्या आवाजामागे काय होते ते मला आता कळले.

"ती पिशवी नाही हो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "लघवीची."

"अगं बाई, मुताची म्हना की सरळ! रातभर माझा जीव टांगनीला!"

पोटावरचे टाके विसरून मी हसले, आणि तत्काळ रडले, कारण टाके मला विसरले नव्हते.

नळीचे दिवस

शिवण धरेपर्यंत पिशवी भरू द्यायची नव्हती, म्हणून नळी राहणार होती. ज्यांच्या वाट्याला हे दिवस येतील त्यांना सांगते : नळी दुखत नाही, लाजवते. प्रत्येक येणाऱ्याची नजर आधी बाटलीकडे जाते. मी बाटलीभोवती जुन्या लुगड्याचा निळा तुकडा गुंडाळायला सांगितला. एवढ्यानेही माणूस पुन्हा माणसांत येतो. सकाळी कार्बोलिकच्या पाण्याने फरशी पुसली जाई, मग ताकभात, मग उन्हाची एक पट्टी भिंतीवरून उतरून मुलीच्या पायांपर्यंत येई आणि आचारी भांडी आपटू लागला की निघून जाई. भय गेले नव्हते. दिवसा ते बाटलीत राही. कोणी बोलेनासे झाले की थेंबाथेंबाने बाहेर येई. टाका उसवला तर? नळी काढल्यावर कळणार, त्याआधी नाही.

यजमान आले. धरणावरच्या दगडाची पांढरी धूळ त्यांच्या भुवयांवर तशीच होती. त्यांना माहीत होते तेच ते बोलले. "भिंत बांधताना आम्हीही डोळ्यांवर विसंबत नाही. पाणी सोडून पाहतो. झिरपलं तर त्याच दिवशी बुजवायचं. मागाहून कळलं तर…" आणि त्यांना उमगले की आपण कशाविषयी बोलत आहोत. त्यांचे कान लाल झाले. माझ्या ऐकण्यातले ते सर्वांत प्रेमळ वाक्य होते, आणि तेही अर्धेच.

बारावा दिवस दवाखान्यातच गेला. पाळणा नाही, घुगऱ्या नाहीत. त्या दिवशी गडमुडशिंगीहून चुलत सासूबाई आल्या. त्यांनी मुलीला पाहिले, मला पाहिले, निळ्या फडक्यातली बाटली पाहिली आणि मी बहिरी असल्यासारख्या मोठ्याने म्हणाल्या, "वैनी, वाईट वाटून घिऊ नगा. पर आशी बाई चुलीला लागत न्हाई, देवाला लागत न्हाई. पोराचं दुसरं बगाय पायजे. माझ्या भनीची एक…"

मी आत्याबाईंकडे पाहिले. आमच्या घरात शेवटचा शब्द त्यांचा असे, यजमानांचाही नव्हे. त्या काय म्हणतात यावर माझे सारे आयुष्य तोलून धरले होते, आणि त्या मुलीचे झबले उलगडून पुन्हा घडी घालीत होत्या.

मग त्यांनी झबले खाली ठेवले.

"हे बग," त्या म्हणाल्या, "माझ्या म्हशीचं दूध तिच्या पिशवीत भरून बगितलंय डाक्टरीनबाईनं. शिवल्यावर एक थेंब गळला न्हाई. तू कशाला गळतीयास?"

दाराबाहेरून बाळाबाईचे हसू ऐकू आले. चुलत सासूबाई पानाचा डबा उचलून निघाल्या. घडी घातलेल्या झबल्याची आत्याबाईंनी आणखी एकदा घडी घातली. दूध गळले नव्हते हे खरे. पण नळी अजून निघायची होती, हे त्यांनाही माहीत होते.

कोरडे फडके

ज्या सकाळी नळी काढली त्या सकाळी मी मुलीला आत्याबाईंकडे दिले. डॉक्टरीणबाईंनी मांड्यांमध्ये एक धुतलेले पांढरे फडके ठेवले आणि म्हणाल्या, "पाणी प्या. चाला. आपोआप वाटलं की जा. मध्ये काही ओलं लागलं तर लपवू नका."

मी भिंत धरून चालले. पावलागणिक लक्ष आत. ओले वाटले? घाम होता. पुन्हा वाटले? भास होता. दुपारी, इतक्या दिवसांनी, पोटात खाली तो ओळखीचा ताण आला. तहानभुकेसारखा साधा, आपला आपण आलेला. मोरीत बसले. काही होईना. मग झाले. मातीच्या रित्या घागरीत दुरून धार पडावी तसा तो आवाज, सुरू झाला आणि, हे महत्त्वाचे, थांबला. मी थांबवला म्हणून थांबला. मी ऐकलेल्या कोणत्याही चरणाचा यती, म्हणजे थांबा, इतका बिनचूक नव्हता.

फडके पाहायचे धैर्य मला झाले नाही. ते मी बाळाबाईला दिले. तिने ते उन्हाकडे धरले, उलटे केले, वास घेतला, गालाला लावले.

"कोरडं हाय," ती म्हणाली. तरी फडके परत देईना. कोरडेपणा विसरलेल्या गालावर ते तसेच धरून ती उभी राहिली.

तिचे दुखणे जुने होते. तिच्यावर शस्त्रक्रिया झाली. टाके एकदा उसवले. डॉक्टरीणबाई पुन्हा शिवणार आहेत. यावेळीही दूध भरून पाहणार आहेत, आणि ते आमच्याच घरून जाणार आहे. तिची खाट आता आत आहे. याहून जास्त आज मला सांगता येत नाही.

ज्यांना पोट उघडून बाळंत व्हावे लागेल त्यांना माझे एवढेच सांगणे : आधीच विचारा, "लघवीची पिशवी नीट पाहाल ना?" डॉक्टर रागावणार नाहीत. रागावले तरी चालेल.

घरी

घरी आल्यावरही मी दबकून जगत होते. हसणे आवरी, खोकला गिळी, जड काही उचलत नसे. मग एके सकाळी आत्याबाईंनी वर्षाच्या चटणीसाठी मिरच्या भाजायला काढल्या. तव्यावरून निळसर धूर उठला आणि घरभर झाला. मी मुलीला घेऊन परसदाराकडे पळते आहे तोच शिंक आली. आवरता आली नाही. टाक्यांपासून टाळूपर्यंत सगळे अंग हादरवून गेली.

आत्याबाईंचा उलथणे धरलेला हात थांबला. मी जागच्या जागी उभी. दोघी एकमेकींकडे पाहत राहिलो. तव्यावर मिरच्या करपू लागल्या.

मी वाट पाहिली. मांड्या कोरड्या होत्या. पायांखालची जमीन कोरडी होती. मी मान हलवली : नाही.

"न्हाई?"

"नाही, आत्याबाई."

त्यांनी मूठभर मिरच्या आणखी तव्यावर टाकल्या, धुरातून डोळे पुसले आणि म्हणाल्या,

"मग शिंक की आनि एकदा!"